लोबान आणि आठ अजगर

माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग कोणता, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, काही न करणं. लोकांना वाटतं सापांचं काम म्हणजे विष, दंश, पकडापकडी. मी बावीस वर्षं कतारमध्ये या धंद्यात आहे आणि आजवर मला सगळ्यात जोरात चावलाय तो दुकानातला पोपट. साप बिचारे घाबरलेले असतात. मी खोलीतून चालतं व्हावं, एवढीच त्यांची माझ्याकडून अपेक्षा असते.

हे लिहायला मला भाग पाडलं ते वाघचौरे साहेबांनी. साहेब मूळचे नाशिकचे. रास लफानला गॅस प्लांटवर आहेत आणि इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचंही बघतात. आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, “हमीदभाई, तुमच्या कामाबद्दल लिहा.” मी म्हटलं, साहेब, माझी मराठी शाळा सातवीपर्यंत, तीही रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावात. तर म्हणाले, “आमच्या मुलांची मराठी तिसरीचीसुद्धा नाही. तुम्ही लिहाच.” तेव्हा चुकलंमाकलं त्यांच्या पदरात.

दुकान उम्म सलाल मोहम्मदला आहे. पुढे पक्षी, मासे, मांजरांचं खाणं, शेतावरच्या कोंबड्यांचं खाद्य. मागे एक खोली, तिला खिडकी नाही, एक मागचं दार आहे. ती माझी. पाळायचे साप तिथे राहतात. त्यांत दोन जाती समजा. एक घरात जन्मलेला, डब्यात वाढलेला. त्याला माणसाचं काही वाटत नाही, समोर धरलं की खातो. दुसरा रानातून धरून आणलेला. आमच्याकडे येतात ते बहुतेक बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला बुटका, जाडसर अजगर. घाबरला की डोकं पोटाशी घेऊन स्वतःचा गोळा करतो, म्हणून बॉल. विष नाही, चावणं जवळपास नाही. कोणीतरी त्याला बिळातून उपसलेलं असतं, कापडी पिशवीत बांधलेलं असतं, विमानात घातलेलं असतं. कागदपत्रं असतात सगळी. पण कागद सापाला दाखवून काय उपयोग.

असा अजगर इथे येतो आणि खात नाही. अजगराला उपास झेपतो, त्यामुळे महिना दीड महिना कोणाला काही वाटत नाही. मग पाठीचा कणा वर दिसायला लागतो, कातडी सैल होते, आणि एक दिवस गिऱ्हाईक त्याला बुटाच्या खोक्यात घालून माझ्यापुढे आणून ठेवतं. तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

माझी रीत साधी आहे. आला की पाणी द्यायचं. अंगावर गोचिडी असतात, त्या काढायच्या, डोळ्यांच्या कडांनासुद्धा. वजन करायचं. मग पुठ्ठ्याचं एक लहानसं खोकं त्याच्या काचेच्या पेटीत ठेवायचं, एका बाजूला भोक पाडून. लोक मोठं खोकं ठेवतात, त्यांना वाटतं ऐसपैस बरं. चूक. त्याच्या अंगाला चारी बाजूंनी भिंत लागली पाहिजे, तेव्हा त्याला वाटतं आपण बिळात आहोत. पेटीची एक बाजू ऊबदार, एक थंड. काचेवर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवायचं. मी मल्याळी पेपर चिकटवतो, कारण आमच्या दुकानात तोच येतो. मग दहा दिवस पाणी बदलण्यापलीकडे काही करायचं नाही. त्यानंतर खाणं. पांढरा उंदीर त्याने जन्मात पाहिलेला नसतो. त्याच्या मुलखात तपकिरी रानउंदीर. म्हणून मी जर्बिल देतो, तोही तपकिरीच, वाळवंटातला, शेपटीला झुबका असतो. मेलेला, कोमट पाण्यात ऊब आणलेला. संध्याकाळी खोक्याच्या तोंडाशी ठेवायचा आणि निघून जायचं. डोकावायचं नाही.

ते डोकावणं मात्र कोणाला सुटत नाही. आमच्या दुकानाजवळच राहणारा जासिम, तरणाबांड कतारी, एक अजगर घेऊन गेला आणि पाचव्या दिवशी परत आला. “हादा माफी अकल,” म्हणजे हा खात नाही. मी घरी जाऊन बघतो तर मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, आठ-दहा मित्र बसलेले, एसी अठरावर, टीव्हीवर फुटबॉल, आणि कॉफीचा फिंजान फिरतो तसा अजगर हातोहात फिरतोय. मी म्हटलं, याला आतल्या खोलीत ठेव आणि एक महिना त्याचं तोंड बघू नकोस. तो म्हणाला, “एक महिना? मग मी विकत कशाला घेतला?” प्रश्न अगदी बरोबर होता. तरी डोकावणार नाही असा शब्द मी त्याच्याकडून घेतला. आणि पोरगा शब्दाला जागला. सहाव्या आठवड्यात अजगराने खाल्लं तेव्हा त्याने मला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्यातलं निम्मं मला कळलं नाही.

वाघचौरे साहेबांकडे रानातला साप नाही, डब्यात जन्मलेला कॉर्न स्नेक आहे. महिन्यातून एकदा ते गोठवलेले उंदीर न्यायला येतात. ते उंदीर ते आइसक्रीमच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवत. त्यांच्या आई नाशिकहून आल्या होत्या. मोदक करायचे म्हणून नारळाचा डबा काढायला गेल्या आणि दुसराच डबा उघडला. साहेब म्हणाले, मला वाटलं, आता आई पहिल्या विमानाने परत जाणार. आईंनी डबा बंद केला, हात धुतले आणि म्हणाल्या, “त्याचं जेवण वरच्या कप्प्यात ठेव रे. खाली नारळाला वास लागतो.” या बाईंना मी कधी भेटलो नाही. भेटायला आवडलं असतं.

आता जे सांगायचं ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका खेपेत बारा अजगर आले, त्यातले सात मेले. माझ्याच हाताखाली. दुकानाचे मालक अश्रफभाई केरळचे. माणूस सरळ, पण सापांना भयंकर भितो. मागच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. ते दारातच उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, “हमीद, अभी आठ आ रहा है. ये लास्ट. ये भी नहीं खाया तो मैं साप बंद करेगा. कमरे में बिल्ली का खाना रखेगा. फिर तेरे लिए काम नहीं मेरे पास.” रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी एवढा घाबरलो नसतो.

मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा. सापाला जेवायला घालण्याव्यतिरिक्त दुसरं काही येत नाही अशा माणसाला या वयात कोण व्हिसा देणार? माझी मुलगी सानिया रत्नागिरीला फार्मसी शिकत होती, दुसरं वर्ष. अजून दोन वर्षं मला इथे टिकणं भाग होतं. ती शिकून बाहेर पडेपर्यंत नोकरी राहिली पाहिजे, याच्यापलीकडे मला दुसरं काही सुचत नव्हतं. फोनवर बायको विचारायची, “खाल्लं का कोणी?” आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण रुकय्याने माझ्या कामाची एवढी चौकशी त्याआधी कधी केली नव्हती.

आठ आले. मी सगळं रीतीने केलं. खोक्यांवर एक ते आठ आकडे घातले, नावं मी ठेवत नाही. गोचिडी काढल्या, दहा दिवस थांबलो. आणि या वेळी आणखी एक गोष्ट केली, जी आधी कधी केली नव्हती.

आमच्या घरी जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, मगरिबच्या वेळी, सूर्य मावळला की, आई लोबान पेटवायची. निखाऱ्यावर टाकायची आणि धूर घरभर फिरवायची, पाळण्यावर, धान्याच्या पिंपावर, आजारी माणसाच्या उशाशी. बरकत येते, नजर उतरते. इथे अल मन्सूराला मी चार जणांबरोबर एका खोलीत राहतो आणि छताला धुराचा अलार्म आहे, त्यामुळे ते कधी जमलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत अलार्म नव्हता. मी सूकमधून, म्हणजे बाजारातून, विजेवर चालणारं धुपाटणं आणलं. दर गुरुवारी संध्याकाळी आठही पेट्यांची झाकणं किलकिली करून आत लोबान फिरवायचो, दुवा मागायचो, आणि लगेच खाणं ठेवायचो. गुरुवारच का, तर शुक्रवारी सकाळी दुकान बंद, जुम्म्याच्या नमाजपर्यंत कोणाचा पायरव नाही. सापांना तेवढी शांतता. सगळं कसं नीट जुळवलेलं होतं.

शुक्रवारी दुपारी जाऊन बघावं तर आठच्या आठ जर्बिल जागच्या जागी.

असे दहा शुक्रवार गेले. मी ऊब वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. खोकी बदलली. लहान जर्बिल दिले, मोठे दिले. आठव्या आठवड्यात सहा नंबर मेला. अश्रफभाईंनी दारातून विचारलं, “कितने हैं?” मी म्हटलं, सात. ते मान हलवून निघून गेले. घरी मी सांगितलंच नाही. रुकय्याने विचारलं तर म्हटलं, इन्शाल्ला, खातील. मी सगळं काही बदलून पाहिलं, फक्त लोबान तेवढा बदलला नाही. उलट ज्यांचा कणा जास्त दिसायला लागला होता त्यांच्या पेटीवर दोन-दोनदा फिरवायला लागलो.

अकराव्या गुरुवारी वाघचौरे साहेब प्लांटवरून परस्पर दुकानात आले. उंदीर माझ्या खोलीतल्या फ्रीझरमध्ये असतात म्हणून सवयीने आत शिरले आणि शिंकायलाच लागले.

“हमीदभाई, हे काय पेटवलंय?”

“लोबान. आज जुमेरात ना.”

“आमच्याकडे हे घेऊन आलात तर गेटवरून परत पाठवतील,” साहेब नाक पुसत म्हणाले. त्यांचं काम गॅस डिटेक्टरांचं. कुठे गळती झाली तर ती हुंगणारी यंत्रं असतात, ती नीट आहेत की नाहीत ते हे बघतात. “एकदा एका कामगाराने आमच्या डिटेक्टरजवळ कसलासा स्प्रे मारला. झालं. यंत्र चालू, दिवा हिरवा, सगळं झकास. पण गॅस आला तरी त्याला पत्ता नाही. आम्ही म्हणतो सेन्सर पॉयझन झाला. नको ते एवढं हुंगलं की हवं ते कळेनासं होतं.” मग उंदरांचं पाकीट हातात घेत त्यांनी सहज विचारलं, “साप वास कशाने घेतात हो? नाकाने?”

हा माझा आवडीचा प्रश्न. मी ऐटीत सांगायला लागलो, “नाकाचा उपयोग थोडा. खरा वास जिभेने. जीभ बाहेर काढतो, हवेतले कण जिभेवर घेतो, आत टाळूला लावतो. तिथे त्याला कळतं, हे खाणं आहे की...” आणि मी मध्येच थांबलो. वीस वर्षं मी हे वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवत होतो. पेट्यांवर लोबानचा धूर तरंगत होता आणि सात नंबरच्या खोक्याच्या भोकातून जीभ आत-बाहेर होत होती.

साहेबांना काही कळलं नाही. ते “चला, उशीर झाला” म्हणून गेले. मी धुपाटण्याची पिन काढली.

मला लाज वाटली. बिनशिकलेल्या माणसाला वाटते तशी नाही, शिकलेल्याला वाटते तशी. काम मला येत होतं. प्रत्येक अजगराच्या तोंडापुढे मी ताट वाढत होतो आणि त्याआधी स्वतःच्या हाताने त्याचा वास बंद करत होतो. आणि तेही मायेने. आईची आठवण काढून.

त्याच संध्याकाळी सगळी पुठ्ठ्याची खोकी फेकली, पुठ्ठा धूर धरून ठेवतो. काचा नुसत्या पाण्याने धुतल्या. पेपर बदलले. मागचं दार उघडून तीन दिवस पंखा लावला. नवीन खोकी कापून ठेवली आणि दोन आठवडे आत फक्त पाण्यापुरता गेलो. मग एका मंगळवारी खाणं ठेवलं. गुरुवारचा मला धीर झाला नाही.

बुधवारी चार जर्बिल गायब होते. पुढच्या आठवड्यात सहा. तीन नंबरची मादी तेवढी राहिली, तिचे मणके तर बोटाने मोजता येत होते. तिने तिसऱ्या आठवड्यात खाल्लं. खोक्यात हात घालून बघायचा मोह झाला होता, तो आवरला. मी तिथेच फरशीवर बसलो.

वाघचौरे साहेबांना सगळं सांगितलं, मला वाटलं खूश होतील. तर म्हणाले, “कदाचित लोबानचा संबंध नसेलही हमीदभाई. तुम्ही दोन आठवडे आत गेला नाहीत, त्यानेही झालं असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती.” शिकलेल्या माणसांची ही खोड असते. अर्थात त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. रुकय्याला सांगितलं तर तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मंग दुवा रूमवर बसून मागा ना. सापांच्या डोक्यावर धूर कशाला?”

अश्रफभाई आयुष्यात पहिल्यांदा खोलीत दोन पावलं आत आले. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “हमीद, तू उस्ताद है.” सात अजगर महिन्याभरात सात घरी गेले. मी सानियाला फोन करून सांगितलं, तू आता बिनघोर अभ्यास कर. त्या दिवशी अल मन्सूराच्या हॉटेलात मी माशाचं जेवण जेवलो, पोटभर. दहा-अकरा आठवड्यांत मला तरी कुठे धड जेवण गेलं होतं.

दोन महिन्यांनी कार्गोतून माल आला. नेहमी एक पेटी येते. पिकअपमधून पाच उतरल्या.

“किती आहेत?” मी विचारलं.

“साठ,” अश्रफभाई म्हणाले.

“एवढे कशाला?”

“पहले खिलाने वाला कौन था? अब तू है ना.”

मी पिशव्या सोडायला बसलो. तिसरी पिशवी हातात घेतली तीच ढिली लागली, आतला अजगर वाटेतच मेला होता. दोन माद्या अंड्यांवर आलेल्या होत्या, पोटं फुगलेली. बिळात हात घालणारा माणूस आधी त्यांनाच शोधतो, त्या जागच्या हलत नाहीत. मला तो माणूस माहीत नाही, त्याचं गाव माहीत नाही. पण त्याला हे काम मी मिळवून दिलं होतं. आठातले ते सातही उपाशी मेले असते तर ही खोली बंद झाली असती, मांजरांच्या खाण्याची पोती रचली असती, मी खाडीकाठी घरी बसलो असतो आणि हे साठ आपापल्या बिळात असते. हे मला तिथेच, पिशवीची गाठ सोडता सोडता कळलं. कळून मी काय केलं? पुढची गाठ सोडली. सानियाचं दुसरं वर्ष संपायचं होतं.

साठातले अकरा गेले. एकोणपन्नास खायला लागले. एवढं यश मला कधी आलं नव्हतं. त्यानंतर खेपा वाढतच गेल्या. रिकाम्या पेट्या ठेवायला जागा पुरेना म्हणून अश्रफभाईंनी शेजारचा गाळाही घेतला.

सानिया पास झाली. रत्नागिरीत औषधाच्या दुकानात लागली आहे, पांढरा कोट घालून फोटो पाठवते. मला साठ झाली. रुकय्या म्हणते, खलास, आता या. मीही तेच ठरवलं होतं. गेल्या महिन्यात अश्रफभाईंना जाऊन सांगितलं, मी जातो. त्यांनी अडवलं नाही. चहा मागवला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “जा. पण शंभरची ऑर्डर देऊन झालीये. ते येतील तेवढे खायला लाव आणि जा. तू नसलास तर किती मरतील, ते तुलाच माहीत.”

मला माहीत आहे. मी गेलो तर ते मरतील. मी त्यांना खायला लावलं तर पुढची ऑर्डर दोनशेची असेल. रुकय्याला अजून काही सांगितलेलं नाही. कालपासून पुठ्ठे कापायला घेतलेत, चाळीस खोकी झाली, साठ राहिली आहेत.